अर्धा ब्रास वाळू

तलाठ्यांनी केलेल्या पंचनाम्यात माझं नाव कुठेही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत या प्रकरणाच्या तीन आवृत्त्या फिरत आहेत आणि तिन्हींत मला तहसीलमध्ये नेलेलं आहे. एका आवृत्तीत मी अजून परत आलेले नाही.

मूळ गोष्ट एवढीच होती, की माझी मुलगी सृष्टी शाळेत बोलत नव्हती.

शाळा म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची बालवाडी. किशनराव सर हे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर करमेना म्हणून त्यांनी नांदेडच्या आपल्या घराचा खालचा मजला शाळेला दिला. पुढच्या खोलीत तीन ते पाच वर्षांची बेचाळीस मुलं, मागच्या खोलीत पाळणाघर, तिथे दुपट्यातली आणि रांगणारी. शिकवायला शिवकांता टीचर, सांभाळायला धोंडाबाई. सृष्टी साडेतीन वर्षांची. घरी ती डोळे उघडल्यापासून बोलते. पंख्याशी बोलते, कुकरला शिट्टी का दिलीस म्हणून विचारते, झोपेतसुद्धा कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असते. पण बालवाडीच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की बंद. जून ते ऑगस्ट, एक शब्द नाही. शू लागली तरी सांगायची नाही. पिशवीत रोज दोन जास्तीच्या चड्ड्या द्याव्या लागत, यावरून काय ते समजावं.

ऑगस्टच्या पालकसभेत किशनराव सरांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. पालकांना उभं करणं ही त्यांची जुनी सवय आहे.

"मॅडम, लेकरू हुशार आहे, वाद नाही. पण तोंड उघडत नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आपण वाट पाहू. तोपर्यंत बोलली तर उत्तम. नाहीतर हे वर्ष मागच्या खोलीत बसवू, लहानांत."

"मागे तर रांगणारी मुलं आहेत, सर."

"तेच म्हणतो मी. त्यांनाही बोलता येत नाही. बरोबरीची सोबत मिळेल."

घरी हे सांगितलं तर सासूबाई कपाळावर हात मारायच्या, त्याऐवजी त्यांना आनंद झाल्यासारखा वाटला. आमच्या सासूबाई सरजाबाई, अहमदपूरकडच्या. त्यांचा एक जुना अंदाज खरा ठरत होता.

"तुझ्यावर गेली बाई. तू तरी कुठं बोलतीस? तुला बगायला आलो तवा मला वाटलं पोरगी मुकी हाय. म्या संघपालला म्हणले बी, बाबा, एकदा इचारून घे."

संघपाल म्हणजे माझे यजमान. ते नोकरीसाठी अहमदपूरला असतात आणि शनिवारी येतात. त्यांना मी फोनवर विचारलं, आईंनी खरंच असं म्हटलं होतं का. त्यांनी आधी दोनदा हॅलो, हॅलो केलं. मग म्हणाले, "नेटवर्क जातंय."

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. शेतकरी पिशवीत माती घेऊन येतात, मी तिचा सामू म्हणजे पीएच, कर्ब, नत्र, स्फुरद काढून देते. माती स्वतः होऊन काही सांगत नाही. न बोलणाऱ्या गोष्टींकडून उत्तर काढणं हाच माझा व्यवसाय. त्यामुळे एका मंगळवारी मी अर्धी रजा काढली आणि वही, पेन, घड्याळ घेऊन बालवाडीच्या कोपऱ्यात लहान खुर्चीवर जाऊन बसले. त्या खुर्चीवर बसता येतं, उठता येत नाही.

एका तासात मोठ्या माणसांनी मुलांना उद्देशून एकशे बारा वाक्यं उच्चारली. त्यातली ब्याऐंशी आज्ञा होत्या. "हाताची घडी, तोंडावर बोट" हे वाक्य चौदा वेळा आलं. "आता बोट काढा" हे एकदाही आलं नाही. एक्केचाळीस मुलांनी बोट क्षणभर ठेवलं आणि आपापलं काढून घेतलं. एकच मूल ते तोंडावर ठेवून बसलं होतं. कुणी काढा म्हटलेलं नव्हतं, म्हणून काढलेलं नव्हतं. ते मूल माझंच आहे, याबद्दल माझ्या मनात काहीच शंका उरली नाही.

दुसरंही एक मोजलं. प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट किती पाहतात? शिवकांता टीचर सरासरी सव्वा सेकंद. "हा रंग कोणता? लाल! म्हणा, लाल!" यात मुलांना भाग घ्यायला जागाच नव्हती. धोंडाबाईंना शिकवण्याचं काम नाही, त्या फक्त डबे उघडून देतात आणि नाकं पुसतात. पण त्या सृष्टीपुढे उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "का गं चिमणे, डब्यात काय आणलं?" डबा उघडा होता, आत भेंडी दिसत होती. तरी बाई वाट बघत राहिल्या. अकरा सेकंद. सृष्टीचे ओठ हलले. मी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात किशनराव सरांनी घंटा दिली.

माझी वही मी शिवकांता टीचरना दाखवली. दाखवायला नको होती. त्या निलंग्याच्या, बोलायला सरळ.

"मॅडम, बेचाळीस लेकरं हायत. सव्वा सेकंद मिळतो हेच लई हाय. तुम्ही एक दिवस वर्ग घ्या, मी वही घेऊन बसते."

हे त्यांचं म्हणणं मी त्या वेळी नोंदवलं नाही.

माझ्या वाचनात असं आलं होतं, की ज्या मुलांची वाचा वर्गात बसते त्यांची हात गुंतले की सुटते. पाणी, चिखल, वाळू. पाणी आमच्याकडे दिवसाआड येतं. चिखलाला पालक तयार होणार नाहीत. राहिली वाळू. म्हणून मी सूचनापेटीत एक सूचना टाकली: मुलांना खेळण्यासाठी अंगणात वाळूचा हौद करावा, लांबी आठ फूट, रुंदी सहा, खोली एक. अंदाजे अर्धा ब्रास. खाली सही आणि तारीख.

त्या सूचनापेटीत गेल्या सहा वर्षांत पडलेली ही पहिलीच सूचना होती. किशनराव सर इतके हलले की त्यांनी तिला आवक क्रमांक एक दिला.

"मॅडम, विचार उत्तम. पण तुम्ही ब्रासमध्ये माप दिलंय. ब्रास म्हटलं की महसूल खातं आलं. वाळू हे गौण खनिज आहे. चाळीस वर्षं मी कागदाशिवाय खडूसुद्धा उचलला नाही. आपण तहसीलला कळवून ठेवू."

आणि त्यांनी कळवलं. 'बालवाडीच्या प्रांगणात अर्धा ब्रास वाळूचा साठा करणेस परवानगी मिळणेबाबत.' सोबत माझ्या सूचनेची प्रत. मी संघपालना फोन केला.

"तू आकडा कशाला टाकलास?" ते म्हणाले. "थोडी वाळू म्हणायचं."

"थोडी हे माप नाही."

"म्हणूनच म्हणायचं असतं, दिपाली."

महिनाभर तहसीलमधून काही उत्तर आलं नाही. किशनराव सरांच्या मते शासन गप्प राहिलं म्हणजे संमती असते. इथे मला विचारावंसं वाटलं की मग माझ्या मुलीचं गप्प राहणं वेगळं का धरता, पण मी विचारलं नाही. अशा वेळी मला नेमकं घरी गेल्यावर सुचतं.

आता वाळू आणायची कुठून? दुकानदार म्हणाला, हल्ली सगळे दगडाचा चुरा वापरतात, त्यालाच वाळू म्हणायचं. मी चिमूटभर भिंगाखाली पाहिला. प्रत्येक कणाला कोपरे होते. भिंतीला ते चांगले, गुडघ्यांना नाहीत. मुलांना नदीची वाळू हवी, गोल कणांची. ही माहिती मी दुकानदाराला दिली. तो म्हणाला, "ताई, गोल पाहिजे तर मग साबुदाणा घ्या."

शेवटी धावून आले शेजारचे नरसिंगराव. हे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. बोलताना अजूनही समोरच्याला पुढे सरकायला सांगतात. त्यांच्या घराच्या मागे माडी बांधताना उरलेली वाळू पडून होती.

"घेऊन जा की मॅडम. आस्सल गोदावरीची हाय. आता अशी डोळ्याला दिसत न्हाई." मग आवाज खाली आणून, "पण बोलू नका कुटं."

"पावती आहे का?"

नरसिंगरावांनी माझ्याकडे बघितलं. "वाळूला पावती इचारनं म्हंजे पाव्हन्याला कधी जाणार इचारल्यावानी होतं, मॅडम." पण मी उभीच राहिले, तेव्हा आत जाऊन त्यांनी ती शोधून आणली. दोन ब्रासची, चार वर्षांपूर्वीची. "वाळू काय शिळी होती का?" ते म्हणाले.

शास्त्रीय दृष्टीने या म्हणण्यात चूक काढता येत नव्हती.

पुढचे दोन रविवार मी ती वाळू चाळली. प्रयोगशाळेतली एक जुनी चाळणी रीतसर अर्ज देऊन आणली. चाळणीवर शिंपल्यांचे तुकडे, बाटल्यांची बुचं आणि कुत्र्याचा एक दात निघाला. त्यानंतर मी ती धुवायची ठरवली. शंभरावर घमेली, दर घमेल्याला चार बादल्या. नवव्या घमेल्याला टाकी संपली. उरलेली वाळू न धुता वापरली, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करते. नरसिंगराव गॅलरीतून म्हणाले, "मॅडम, सोनं निघालं तर निम्मं माजं." सासूबाईंनी गावाकडे फोन करून सांगितलं की इथं शिकलेली सून गच्चीवर वाळू धुऊन राहिली, तुम्ही पोरी शिकवताय ना, शिकवा.

हौद झाला. चार बाजूंनी विटा, आत वाळू, बारा इंच. किशनराव सरांनी नारळ फोडला आणि भाषण करायला वाळूवर चढले. धोंडाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या.

"गुरुजी, चप्पल."

"काय?"

"चप्पल काढा. लेकरं तोंडात घालत्यात ती वाळू. चप्पल काढल्याबिगर कुनीच यायचं न्हाई. मंग ते कुनी का आसंना."

चाळीस वर्षं नोकरी केलेला माणूस खाली वाकला आणि त्याने चप्पल काढली. बेचाळीस मुलांनी हे पाहिलं. सृष्टीने फार लक्ष देऊन पाहिलं.

त्या दिवसापासून नियमाची अंमलबजावणी तिने आपल्याकडे घेतली. बोलायची नाही. कुणी चपलेसह जवळ आलं की समोर उभी राहायची आणि बोटाने पाय दाखवायची. तेच बोट, जे इतके दिवस तोंडावर होतं. मी वहीत लिहिलं: जागा बदलली, आवाज नाही.

मग मांजरं आली. वाळू पाहून मांजरांना काय वाटतं ते सांगायला नको. धोंडाबाईंनी कुठून तरी एक मोठं फ्लेक्स आणलं आणि शाळा सुटल्यावर हौदावर अंथरायला सुरुवात केली. त्यावर काळा चष्मा लावलेला एक तरुण हात जोडून उभा होता, आणि लिहिलं होतं, 'भावी नगरसेवक हरिओमभाऊ यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा'. मुलं सकाळी आली की आधी भाऊंना नमस्कार करून मग त्यांची घडी घालत. शिवकांता टीचरनी त्यांच्याच चष्म्यावरून काळा रंग शिकवला. बालशिक्षणात स्थानिक साधनांचा वापर असावा म्हणतात, तो असा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टीचरच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. त्या निलंग्याला गेल्या आणि जाताना सरांना म्हणाल्या, "दिपाली मॅडमना बोलवा. त्यांना येतं."

मी गेले. पूर्ण तयारीने गेले. तीन आकारांच्या चाळण्या, पाच रंगांचे मग, आणि कुणाला किती सेकंद द्यायचे याचं वेळापत्रक. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. अकराव्या मिनिटाला एकाने दुसऱ्याच्या डोक्यावर मग उलटा केला. दुसऱ्याने तिसऱ्याच्या. दोघांच्या डोळ्यांत वाळू गेली, एकाच्या नाकात, एकीने मूठभर खाल्ली आणि छान आहे म्हणून सांगितलं. मी सगळ्यात छोटी चाळणी शोधत होते, ती एकाने डोक्यात टोपीसारखी घातली होती आणि ती निघत नव्हती. बेचाळीस मुलं एकाच वेळी ओरडली की आवाज किती होतो ते मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं. तेविसाव्या मिनिटाला एक मोठा, कडक आवाज अंगणात घुमला.

"हाताची घडी! तोंडावर बोट!"

तो माझा होता.

अंगण शांत झालं. एक्केचाळीस मुलांनी बोट ठेवलं आणि काढलं. सृष्टी हौदाच्या कडेला वाळूची भाकरी थापत बसली होती. तिने भाकरी खाली ठेवली, हात झटकले, माझ्याकडे पाहिलं, आणि बोट उचलून तोंडावर नेलं.

उरलेली सदतीस मिनिटं मी काय केलं ते वहीत नाही. धोंडाबाई येऊन सृष्टीजवळ बसल्या एवढं आठवतं. त्यांनी तिचं बोट ओढलं नाही, काही समजावलंही नाही. नुसतं म्हणाल्या, "माही भाकर करपली की गं. तुही कशी झाली?" आणि वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळाने बोट खाली आलं आणि भाकरीकडे वळलं. शब्द नाहीच.

शिवकांता टीचर परत आल्यावर मी त्यांना वर्गाबद्दल काही बोलले नाही. त्यांनी फक्त विचारलं, "किती मिनिटाला?"

"तेविसाव्या."

"पहिल्यांदा आले तवा माजं नवव्याला झालं होतं," त्या म्हणाल्या. आमची मैत्री तिथून धरावी.

याच सुमारास माझ्या लक्षात आलं की वाळू कमी होते आहे. मी दर सोमवारी आणि शुक्रवारी हौदात स्टीलची पट्टी खुपसून खोली घ्यायचे. बारा इंच, अकरा, साडेनऊ, सात. वाऱ्याने एवढी जात नाही. मुलांच्या खिशातून जाते ती मी आमच्या घरच्या झाडलोटीवरून गुणून काढली होती, ती नगण्य होती. आलेख काढला तर घट शनिवार-रविवारी जास्त दिसत होती, म्हणजे शाळा बंद असताना. मी किशनराव सरांना विचारलं. ते म्हणाले, वाळू खाली बसते. नरसिंगरावांना विचारलं. ते म्हणाले, नदीची वाळू आहे, तिला ओढ असते. रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याच्या घराला त्याच आठवड्यात नवा ओटा झाला, पण मी कुणावर पुराव्याशिवाय संशय घेत नाही.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस राहिले. हौदात चार इंच वाळू होती आणि सृष्टीने एक शब्द उच्चारला नव्हता. किशनराव सरांनी मागच्या खोलीतल्या हजेरीपटावर तिचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलेलं मी पाहिलं. पेन्सिलीने, एवढी माया त्यांनी दाखवली होती.

त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी आणि सासूबाई सृष्टीला घ्यायला गेलो, तर फाटकाशी एक मोटारसायकल येऊन थांबली. उतरले ते तलाठी, संगमेश त्यांचं नाव. काखेत फाइल, पायात लेसचे बूट, खांद्याने कानाशी धरलेला फोन. किशनराव सरांचं पत्र तहसीलमध्ये तीन टेबलं फिरून, 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा घेऊन त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

"वाळूचा साठा कुठंय?" त्यांनी विचारलं.

साठा सगळ्यांसमोरच होता. शाळा सुटत आली म्हणून धोंडाबाईंनी फ्लेक्स निम्मं ओढलं होतं. तलाठ्यांनी चष्मेवाला चेहरा पाहिला आणि फोन बंद केला.

"हरिओमभाऊंची आहे का ही?"

 चाळीस वर्षांची नोकरी आणि एक सोपी सुटका यांच्यामध्ये किशनराव सर उभे होते. नरसिंगराव मोटारसायकल पाहून घरून आले होते, ते म्हणाले, "आसंच समजा साहेब."

"समजा कसं? माझ्याकडं तक्रार नाही, अर्ज आहे. पावती दाखवा, नाहीतर ट्रॅक्टर बोलवून उचलावी लागेल. वाळू कुणाची?"

 माझ्या पिशवीत चार वर्षांपूर्वीच्या पावतीची झेरॉक्स, सामूचा अहवाल आणि खोलीचा आलेख होता. मला सगळं क्रमाने सांगायचं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते ठरत नव्हतं.

"कुणाची आहे?" तलाठी पुन्हा म्हणाले, आणि मोजमाप घ्यायला टेप काढून विटेवरून आत वाळूवर उतरले. बूट घालून.

सृष्टी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने बोटाने पाय दाखवले.

तलाठी टेपकडे पाहत होते. त्यांनी खाली पाहिलंच नाही. ती आणखी एक पाऊल पुढे सरकली, बोट बुटाला जवळजवळ लागलं. ते वहीत आकडा लिहू लागले. मी बोलायला पुढे झाले तर माझं मनगट कुणीतरी धरलं. धोंडाबाई.

"थांबा," त्या हळूच म्हणाल्या.

मी मनातल्या मनात मोजायला लागले. तेवढंच येतं मला. चार. पाच. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. सात. शिवकांता टीचर दारात उभ्या होत्या, त्यांचाही सव्वा सेकंद केव्हाच होऊन गेला होता. नऊ. दहा.

"चप्पल काढा."

तलाठ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग खाली.

"काय म्हणाली?"

सृष्टीने त्यांच्या पायांकडे नीट पाहिलं आणि दुरुस्ती केली. "बूट. बूट काढा."

"अगं, मी सरकारी कामाला आलोय."

"ते कुनी का आसंना," सृष्टी म्हणाली. शब्दन् शब्द धोंडाबाईंचा.

तलाठी विटेवर बसले आणि त्यांनी लेस सोडली. डाव्या मोज्याला भोक होतं. सवयीने त्यांनी पुन्हा विचारलं, "मग वाळू कुणाची आहे?"

"माझी आहे."

"किती होती?"

"खूप होती. आता नाही." आणि मग जूनपासून साठलेलं सगळं एकदम बाहेर पडायला लागलं. "नरसिंग आजोबांनी नेली, दोन घमेली. सरांनी नेली, एक घमेलं, माठाखाली ठेवायला. टीचरने नेली, डब्यात, शेंगा भाजायला. आईने नेली, पिशवीत. रिक्षावाल्या काकांनी नेली. खूप. खूप. खूप."

"मी नमुना घेतला होता!" मी म्हणाले. "तपासायला!"

माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. नरसिंगराव म्हणत होते, दिलेली वाळू परत नेली तर ती चोरी कशी होते ते सांगा. शिवकांता टीचर म्हणत होत्या, एकच डबा, आणि शेंगा लेकरांनीच खाल्ल्या. किशनराव सर लालेलाल झाले होते. त्यांनी हात उचलला आणि तोंडून निघालं, "सृष्टी बेटा, हाताची घडी..."

आणि ते थांबले. बघा, माणूस चांगला आहे. वाक्याच्या मध्ये थांबणं मुख्याध्यापकाला किती अवघड जातं ते मला त्या दिवशी कळलं. त्यांनी तो उचललेला हात तसाच फिरवून आपल्या डोक्यावरून घेतला आणि म्हणाले, "बोल बेटा. काय म्हणत होतीस?"

"माठ अजून आहे," सृष्टी म्हणाली.

तलाठ्यांनी टेप गुंडाळला. चार इंच वाळूसाठी ट्रॅक्टर मागितला तर साहेब मलाच वेड्यात काढतील, असं ते कुणालाही उद्देशून नसल्यासारखं म्हणाले. पण अर्जाचा निकाल लावायचा तर कागद हवा, म्हणून विटेवर बसून, अनवाणी, त्यांनी पंचनामा केला. सासूबाईंनी त्यांना चहा आणून दिला आणि त्यांचं लिहून होईपर्यंत नातीचं बोलणं किती लवकर सुरू झालं होतं, तिच्या आईचं मात्र कसं उशिरा, हे सविस्तर सांगितलं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी प्रगतिपुस्तक मिळालं. 'बोलते का' या रकान्यात शिवकांता टीचरनी लिहिलं होतं, 'हो', आणि खाली किशनराव सरांच्या अक्षरात, 'आवश्यकतेपेक्षा अधिक'. मागच्या खोलीच्या हजेरीपटावरचं नाव खोडरबराने पुसलेलं होतं.

पंचनाम्याची एक प्रत मी अर्ज देऊन मिळवली आणि प्रगतिपुस्तकातच ठेवली. त्यात लिहिलं आहे की सदर वाळू लहान मुलांच्या खेळण्याकरिता असून ती आपलीच असल्याचे कु. सृष्टी संघपाल, वय साडेतीन वर्षे, हिने समक्ष सांगितले. पुढे वाळू नेणाऱ्यांची यादी आहे. रिक्षावाल्यासमोर परिमाणाच्या रकान्यात तलाठ्यांनी 'खूप' असं लिहिलं आहे आणि त्याला सरकारी शिक्काही आहे, तेव्हा आता ते माप मानावं लागेल.

माझं नाव कुठेही नाही, हे मी सुरुवातीलाच सांगितलं. ते अक्षरशः खरं आहे. अनुक्रमांक चार: 'आई, एक पिशवी.'